जायफळाच्या कॉफीचा वास

पंचावन्न-छप्पनच्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग माझ्याच वस्तीत झाली. फौजेत असं सहसा होत नाही. मी, दत्ताराम परब, तेव्हा सिग्नल्समध्ये नाईक होतो. मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे, हरताळ, गोळीबार चालू होते. शहराचे टेलिफोन बंद पडले तर निरोप पोचावेत, एवढ्यासाठी आमच्या लहान तुकड्या वायरलेस सेट देऊन ठिकठिकाणी बसवल्या होत्या. बंदोबस्त हे आमचं काम नव्हतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे लोक हटकून विचारतात की तुम्ही गोळी झाडलीत का. नाही झाडली.

आमची जागा लालबागमधल्या एका शाळेचा तळमजला. चार माणसं, एक सेट, दोन बॅटऱ्या. खिडकीसमोर दहा पावलांची गल्ली आणि पलीकडे तीन मजली चाळ. कमांडर मी. ऑर्डर तीन ओळींची होती. पोस्ट सोडायची नाही. लोकांशी गप्पा नाहीत. लोकांच्या हातचं खायचं-प्यायचं नाही. माझं घर तिथून दोन नाके पुढे. आईला मी शेवटचं पत्र जबलपूरहून टाकलेलं, त्यामुळे तिच्या हिशेबी मी जबलपुरात होतो. आणि मी इथे, तिच्या चुलीच्या धुराच्या अंतरावर, शाळेच्या बाकावर बसून दर तासाला “टू वन रिपोर्टिंग, ऑल ओके, ओव्हर” म्हणत होतो. फौजेची नोकरी म्हणतात ती हीच.

माझा दुसरा ऑपरेटर लान्स नाईक चिन्नप्पा. कोडगूचा, म्हणजे कूर्गचा. त्याचे वडील कॉफीच्या मळ्यावर मुकादम. या माणसाच्या किटबॅगेत जादा मोजे नसत, पण पितळेचा फिल्टर आणि पावडरचा डबा असे. फौज सगळी चहावर चालते. लंगरातला तो गूळपाणी चहा, मगभर. चिन्नप्पा तो प्यायचा, पण तोंड असं करून की जणू काढाच पितोय. मग स्टोव्हवर पाणी ठेवायचा, फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर दाबायचा आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब काळा अर्क जमेपर्यंत सेटसमोर मांडी घालून बसायचा. घाई केलेली त्याला चालत नसे. मला तो सांगायचा, फार पूर्वी एक फकीर हजहून परत येताना सात बिया लपवून घेऊन आला आणि आमच्याकडच्या डोंगरात पेरल्या, त्याची ही लेकरं. खरंखोटं देव जाणे. पण दर वेळी तो बियांचा आकडा सातच सांगायचा, म्हणून मी मान डोलवायचो.

आता आमच्याकडच्या कॉफीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गिरणगावात चहा हे रोजचं. पाळीला जाताना चहा, पाळीवरून आल्यावर चहा, भांडण मिटलं की चहा. कॉफी नाही. कॉफी म्हणजे दूध आटवून, साखर सढळ हाताने घालून, वर जायफळ किसून केलेली वस्तू. ती घरात दोनच कारणांनी व्हायची. एक, पाहुणा. तोही साधासुधा नाही. जावई, व्याही, मुलगी बघायला आलेली मंडळी. आणि दुसरं, आजारपण. ताप उतरून माणूस उठून बसला की आई म्हणायची, “वाईच कॉफी घे, तरतरी येईल.” गिरगावात, दादरला शिकल्यासवरल्या घरांत सकाळी सकाळी कॉफी पीत असत, हे मला ठाऊक होतं. माटुंग्याला मद्रासी लोकांची कॉफीची हॉटेलं होती, तिथे मी एकदा दोन आण्यांत पिऊन आलो होतो आणि घरी येऊन आईला म्हटलं होतं, कॉफीत जायफळ नव्हतं. आई म्हणाली, “मग ती कसली डोंबलाची कॉफी?”

कर्फ्यूचा तिसरा दिवस. सकाळी सहाचा रिपोर्ट देऊन मी हेडफोन काढले आणि समोरच्या चाळीतून वास आला. जायफळाची कॉफी. पहिल्या मजल्यावरून, जिन्याला लागून असलेल्या खोलीतून. चिन्नप्पाने नाक वर केलं.

“ये कॉफी नहीं है,” तो म्हणाला. “दवाई है.”

मी हसलो. आमच्या कॉफीची टिंगल तो नेहमीच करायचा, जायफळ घालणाऱ्याला तुरुंगात टाकलं पाहिजे म्हणायचा. मी म्हटलं, “तुला काय कळतंय? त्या घरात जावई अडकलाय कर्फ्यूत. सासूची पंचाईत बघ. आता कर्फ्यू उठेपर्यंत रोज कॉफी.” बाकीचे दोघेही हसले. जावयावर मी आणखी दोन-तीन विनोद केले. ते आता सांगत नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तोच वास. मी म्हटलं, जावई चांगलाच खादाड दिसतोय. माझं सगळं लक्ष सेटवर होतं. त्या तासात निरोपांचा ट्रॅफिक जास्त होता. पावणेबाराला तिसऱ्यांदा वास आला तेव्हा मात्र माझा हात पेन्सिलीवरच राहिला.

जावई घरात आहे तर सांज्याचा वास कुठे आहे? पोह्यांची फोडणी कुठे आहे? आमच्यातली सासू कर्ज काढील, पण जावयाला नुसत्या कॉफीवर ठेवणार नाही. आणि दूध? तीन दिवस दुधाची गाडी गल्लीत आली नव्हती. मी खिडकीतून नीट बघितलं. शेजारच्या खोलीतली बाई पदराखाली वाटी झाकून त्या जिन्यालगतच्या दारात गेली आणि रिकाम्या हाताने बाहेर आली. मागून दुसरी गेली. अख्खा मजला आपल्या पोरांच्या वाटचं दूध त्या एका खोलीत देत होता. जावयासाठी कोणी असं करत नाही.

मी चिन्नप्पाला म्हटलं, “तू बरोबर बोललास. दवाईच आहे. आत कोणीतरी जायबंदी आहे.”

तो एवढंच म्हणाला, “तो जाना चाहिए.”

ऑर्डरची पहिली ओळ होती, पोस्ट सोडायची नाही. मी सेट त्याच्या हवाली केला, रायफल भिंतीला टेकवली आणि गल्ली ओलांडली. दहा पावलं. पण वर्दीतल्या माणसाला बघून पहिल्या मजल्यावरची सगळी दारं फटाफट बंद झाली. जिन्यालगतच्या दारावर मी टकटक केली. आतून एका बाईचा आवाज आला.

“घरात कोण नाय. जावा तुमी.”

बोली मालवणी. मीही घरच्या भाषेवर आलो. “काकी, मी दत्ता. परबांचो. हयसरच रवतंय, दोन नाके सोडून.”

मी दाराच्या फटीशी तोंड नेलं.

“काकी, पावण्याक नुसती कॉफी देतंस? सांजो नाय, पोहे नाय?”

मग आतून रडण्याचा आवाज आला आणि कडी निघाली.

आत खाटेवर तिचा मुलगा होता. बबन. सव्वीस वर्षांचा, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा. आदल्या संध्याकाळी नाक्यावर गोळीबारात सापडला होता. गोळी मांडीतून आरपार गेली होती. मजल्यावरच्या पुरुषांनी त्याला उचलून आणलं आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी मांडी आवळून बांधली. पट्ट्या बदलत होते, रक्त थांबत नव्हतं. इस्पितळात नेलं तर नाव लिहून घेतात आणि मागून पोलीस येतात, असं चाळीत पक्कं बसलं होतं. म्हणून रात्रभर कोणाला कळवलं नाही. आणि आईला जे औषध माहीत होतं ते ती करत होती. दर तीन तासांनी कॉफी. खाटेखाली वाटी होती, अर्धी भरलेली. त्याला ती आता गिळवत नव्हती.

बबन शुद्धीत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “पकडायला आलास?”

“नाही रे. गाडी बोलावतो.”

“नाव देऊ नकोस.”

“नाही देत.”

मी धावत परत आलो. चिन्नप्पाने लिंक लावूनच ठेवली होती. पलीकडे आमचे कॅप्टन साहेब होते.

“टू वन. ॲम्ब्युलन्स हवी. एक जखमी, सिव्हिलियन. मांडीला गोळी, रक्तस्राव चालू. ओव्हर.”

“टू वन, तू पोस्ट सोडलीस का? ओव्हर.”

“सोडली, सर. ओव्हर.”

“कॅज्युअल्टीचं नाव सांग. ओव्हर.”

“बेशुद्ध आहे, सर. नाव कळलं नाही. ओव्हर.”

“रॉजर. ॲम्ब्युलन्स निघते. आउट.”

साडेबाराला गाडी आली. स्ट्रेचर जिन्यावरून उतरत नव्हतं, म्हणून चिन्नप्पाने आणि मी बबनला चादरीत घालून खाली आणलं. वजन असं काही नव्हतंच. आई चपला न घालता मागून आली, तिलाही गाडीत बसवलं. गाडी गेली, आणि मग पहिल्या मजल्यावरची दारं एकेक करून उघडली. मी पोस्टवर जाऊन एकचा रिपोर्ट दिला.

पोस्ट सोडल्याबद्दल मला शिक्षा झाली. ती योग्यच होती, माझी तक्रार नाही. शिक्षा सुनावून झाल्यावर कॅप्टन साहेबांनी फाइल बंद केली आणि म्हणाले, “परब, तुझा तो बेशुद्ध पेशंट. ड्रायव्हर सांगतो, वाटेत पाणी मागत होता आणि गाडी हळू चालव म्हणत होता.”

“तसं असेल, सर.”

“हं. जा,” ते म्हणाले.

इस्पितळात नेल्याच्या चौथ्या दिवशी बबन गेला. मला हे त्याच इस्पितळातल्या मिलिटरी ड्रायव्हरकडून कळलं. मी त्याला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तो म्हणाला, रक्त फार गेलं होतं, सकाळी लवकर आणला असता तर सांगता आलं असतं काही. त्याने सहज सांगितलं. त्याला काय ठाऊक, सकाळी लवकर मी काय करत होतो. सहा ते पावणेबारा. पावणेसहा तास मी खिडकीत बसून जावयावर विनोद करत होतो. ज्याला आमच्या रीतभातीचं काही ठाऊक नाही, त्या कोडगूच्या माणसाने पहिल्या श्वासात बरोबर सांगितलं. आणि मी, त्याच वस्तीत वाढलेला, मला सगळंच माहीत होतं, म्हणून चुकलो. परका असतो तर निदान चौकशी केली असती.

चिन्नप्पा मला म्हणाला, “नाईक साब, मैं भी तो हँसा था.” ते खरं नव्हतं. तो हसला नव्हता.

कर्फ्यू उठला, तुकडी परत गेली. मला दोन दिवसांची रजा मिळाली, तेव्हा बबनचा तेरावा होऊन गेला होता. आईला भेटलो, जेवलो आणि साध्या कपड्यांत त्या चाळीत गेलो. सांत्वनाला नव्हतो गेलो. सांगायला गेलो होतो. एवढी गोष्ट पोटात ठेवून मला नोकरी करता आली नसती. फौजेत चूक रिपोर्ट करायची असते, ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर.

काकी खाटेवर बसली होती. खाटेवरचं अंथरूण काढून टाकलेलं. मी जमिनीवर बसलो आणि वेळेनिशी सगळं सांगितलं. सहाला पहिला वास आला. नऊ वाजून दहाला दुसरा. मला वाटलं जावई आहे. मी हसलो. विनोद केले. पावणेबाराला लक्षात आलं. “काकी, हे पावणेसहा तास माझ्यावर आहेत,” मी म्हटलं.

बाहेर कोणीतरी नळावर बादली ठेवली, पाणी पडायला लागलं, बादली भरली, आणि ती दाराकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला घालवून देणार, आणि घालवून दिलं तर बरंच होईल.

मग ती म्हणाली, “सकाळचे तास तुझे म्हणतंस. मग आदली आख्खी रात माझी. दार लावून मीच बसलंय. वाटणी कशी करूची, सांग.”

तिने पदराने तोंड पुसलं, उठली, आणि मला जेवूनच जा म्हणाली. मी घरी जेवून आलो होतो, तरी जेवलो.

पुढे मी एकवीस वर्षं नोकरी केली. चिन्नप्पा बासष्ट साली चीनच्या लढाईत बर्फातच राहिला. त्याचं नाव त्याच्या गावच्या दगडावर आहे, मी जाऊन बघून आलो. आमच्याकडे पडलेल्या माणसाची नोंद नंबर, रँक, नाव अशा क्रमाने होते. बबनला नंबर नव्हता, रँक नव्हती, आणि नाव मी स्वतःच वायरलेसवर दाबून ठेवलं होतं, त्याने तसं सांगितलं म्हणून. ते सेटवरून द्यायचं राहिलेलं नाव इथे देतो. बबन धोंडू गावडे. साचेवाला. लालबाग.