निम्मं निम्मं ऊन

पिंगळीच्या व्हॉलीबॉल सामन्यांत आम्हा धान्याच्या मोंढ्यातल्या हमालांचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला होता. समोर कचेरीतले कारकून. शेवटच्या डावाची नाणेफेक त्यांनी जिंकली आणि मावळतीकडं पाठ करून उभे राहिले. ऊन सगळं आमच्या डोळ्यांत.

पंच शाळेतले गुरुजी होते. मी त्यांना अडवलं. "अर्ध्या डावात बाजू बदला. इन्साफ म्हणजे इन्साफ."

"तुमी हमालीच्या दरावानी इथं बी घासाघीस करायलाव का?" ते हसले, पण मी भांडून नियम मान्य करून घेतलाच.

पहिला अर्धा डाव आम्हाला चेंडू दिसला नाही, फक्त लागला. कारकून खूप पुढं गेले. मग बाजू बदलल्या, आणि त्याच वेळी सूर्य जिनिंगच्या गोदामामागं गेला. कारकुनांवर गार सावली पडली.

"गुरुजी, यांच्या वाट्याचं ऊन कुठंय?"

"बाजू बदलायची ठरली व्हती. उन्हाचं तुमी काय बोलला न्हाईत."

आम्ही हरलो. नियम माझाच, त्यामुळं शिवी कुणाला द्यावी हे सुचेना. कारकुनांच्या कप्तानानं मात्र आवर्जून हात मिळवला. म्हणाला, "भाऊ, नियम लय चांगला काढला."