मुक्या फोनशेजारचं रक्त

मोबाईलच्या रेडिएशननं माणसाच्या रक्तातल्या पेशी बिघडतात का, हे मी वर्ध्यातल्या एका प्रयोगशाळेत तपासत होते. काम ऐकायला भारदस्त, बघायला बावळट. एकाच माणसाचं रक्त दोन नळ्यांत घ्यायचं. एक नळी चालू फोनशेजारी ठेवायची, दुसरी बंद फोनशेजारी. चालू फोनवर आम्हीच कॉल लावायचो आणि तासन्‌तास त्यावर कुणी अक्षर बोलायचं नाही. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बिघडलेल्या पेशी शोधायच्या.

रक्त द्यायला येणारे बहुतेक जण फोन घरी ठेवून यायचे. साखर तपासायला उपाशीपोटी जातात, तसा त्यांनी आपल्या मनानं फोनचा उपास धरलेला असायचा. रोजच्यासारखे या, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

हिंगणीची एक बाई तर आठवडाभर फोनला शिवली नव्हती. मी वैतागले. "मावशी, एवढं कशाला?"

"मले खरं काय ते पायजे, मॅडम," ती म्हणाली. "माहा पोरगा रक्ताच्या कॅन्सरनं गेला. फोन मीच घेऊन देल्ला होता त्याले. उशाशी घेऊन झोपे. त्याच्यानंच गेला का तो?"

नवरा तसंच म्हणत होता. येताजाता तिला तेच ऐकवायचा. माझा वैताग कुठल्या कुठे गेला.

निकाल कळल्यावर ती नवऱ्याला घेऊन आली. तो आत येईना, बाहेर बाकावरच बसून राहिला. दोन्ही नळ्यांत फरक दिसला नव्हता. पण नळीतलं रक्त म्हणजे तिचा मुलगा नव्हे, आणि खोटा दिलासा मला द्यायचा नव्हता. मीच बाहेर गेले.

"आमच्या नळ्यांत तरी फोननं काही झालेलं दिसलं नाही," मी त्याला म्हणाले. "तुमच्या मुलाला कशानं झालं, ते मला सांगता येणार नाही. पण मावशींनी दिलेल्या फोननंच झालं, असं म्हणायला काहीही आधार नाही."

त्यानं दारातून आत, बायकोकडे बघितलं.

"मंग मी तिले कायच्यासाठी बोलत राह्यलो?"

तो खरंच मला विचारत होता. मला रडू आलं.

ती बाहेर आली. "चला, बस निंगून जाईन."

तो उठेना. ती क्षणभर उभी राहिली, मग त्याच्या शेजारी बसली.

"बसा मंग," ती म्हणाली. "दुसरी येईन."