न्हाणीजवळचा पुदिना

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत पुदिना कोणी लावत नसे. आमच्याकडे तो वडिलांनी आणला. ते मुंबईला गिरणीत होते. एकदा सुट्टीवर येताना त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून चार काड्या आणल्या आणि न्हाणीचं पाणी बाहेर पडतं तिथे खोचल्या. सुट्टीत पुदिन्याची चटणी वाटायला ते स्वतः बसत. थोरली काकी हसायची.

“भावोजी, मुंबईत बायका नायत काय वाटायला?”

“हायत की. त्याच म्हणाल्या, घरी जाऊन वैनीला शिकवा.”

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी महाडला अकरावीत होतो. वडील छातीचं दुखणं घेऊन घरी आले आणि पौषात गेले. त्यांना शेवटची आंघोळ अंगणात घातली. अंगणाचा उतार न्हाणीकडे होता. ते पाणी मातीवरून थांबत थांबत गेलं आणि पुदिन्याच्या मुळाशी जिरलं. सगळे वडिलांकडे बघत होते. मी त्या पाण्याकडे बघत राहिलो.

तेराव्यापर्यंत तो सुकत चाललेला वाफा हिरवागार झाला. एवढी मोठी पानं कधी आली नव्हती. घरात माणसं भरली होती, न्हाणीला पाणी जास्त जात होतं, हे आज कळतं. तेव्हा मी त्या बाजूने जायचं टाळू लागलो.

काकी आईला म्हणाली, “त्या पाण्यावर वाढलाय गो तो. दारात नको.”

चुलते म्हणाले, “सोमवारी उपटून टाकतो.”

आई आत निघून गेली. माझं शिक्षण चुलत्यांच्या आधारावर चाललं होतं, त्यांचे उपकार मी आजही मानतो. मी पिशवी भरली आणि महाडला परतलो.

आई अधूनमधून एसटीने डबा पाठवी. त्या सोमवारी स्टँडवर कंडक्टरने डबा हातात दिला. खोलीवर येऊन झाकण काढलं, तर भाकरीखाली डबा काठोकाठ हिरव्या चटणीने भरलेला. चुलत्यांच्या आधी उठून तिने सगळा वाफा खुडला होता. वास आला आणि अंगणातली ओली माती डोळ्यांपुढे उभी राहिली. मी झाकण लावलं.

खोलीत माझ्याबरोबर बिरवाडीचा एक वर्गमित्र राहायचा. “काय रे, जेवत नायस?” त्याने विचारलं.

“भूक नाही. तू घे.”

त्याने दोन दिवसांत चटणी संपवली, डबा बोटाने पुसून घेतला. “झकास झालीय. आईला सांग, अजून पाठव.” तो चावत असताना मी पाठ करून बसलो होतो. पुढे दोन-चार दिवसांनी तो झोपेत खोकला. तो खोकला मला वडिलांचा वाटला. परीक्षा होईपर्यंत मी त्याच्या खोकल्याकडे कान लावून असे. त्याला काहीही झालं नाही.

डबा आला त्याच आठवड्यात रविवारी घरी गेलो. न्हाणीजवळ नुसती खणलेली माती होती. मी पाय धूत असताना आई आली.

“डबा पोचला?”

“पोचला.”

“सगळी खाल्लीस?”

“सगळी.”

तिने आत कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. “त्यांना तुला लय शिकवायचं होतं. त्यांचं काय त्या मुळाशी गेलं आसंल तर ते तुझ्यात जाऊंदे म्हटलं. मी बोटभरसुदीक ठेवली नाय.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तिचा चेहरा इतका निवलेला दिसला की तसंच मिटून घेतलं.

पुढे मी नोकरी करत बी. ए. झालो, आमच्या घरात पहिला. निकालानंतर येईल त्याला आई सांगायची, “त्याचा बाप हाय त्याच्यात.” मी मान खाली घालून उभा राहायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

त्या आठवड्यात तिने महाडच्या बाजारातून पुदिन्याची जुडी आणवली आणि पाट्यावर चटणी वाटली. मला ताटावर बसवून समोर बसली. मी घास घेतला.

“त्या डब्यातल्यासारखी झालीय काय रे?”

“तशीच,” मी म्हणालो.

तिने वाटी निपटून उरलेलीही माझ्याच ताटात वाढली आणि मी संपवेपर्यंत उठली नाही.