मागच्या जोडीतला टायर

चिंचवडला मुंबई रस्त्यावर माझं टायरचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. पिंपरीत कारखान्यांची बांधकामं नुकती सुरू झाली होती. माझ्याकडे मावळातला एक ड्रायव्हर यायचा, माझ्याच वयाचा. शेठच्या नव्या ट्रकवर त्याचा भारी जीव. चहाला थांबला तरी आधी सगळ्या टायरांवर तळहात ठेवून यायचा. "ताप न्हाई," म्हणायचा आणि मग बशी तोंडाला लावायचा.

ट्रकबरोबर आलेले कंपनीचे टायर एका मापाचे असत. एखादा फाटला आणि बाजारातून दुसरा आणला की पंचाईत व्हायची. वर नंबर तोच असला तरी दुसऱ्या बनावटीचा टायर उंच निघायचा, त्यात आधीचे झिजलेले. मागे एकेका बाजूला दोन टायर जोडीने चालतात. त्यांतला एक उंच असला तर सगळं ओझं तोच उचलतो आणि तापून फुटतो. म्हणून दोन्हींत हवा भरून ते शेजारी उभे करायचे आणि वर फळी आडवी ठेवायची. फळी कलली तर ती जोडी चढवायची नाही.

त्या संध्याकाळी त्याने बाजारचा टायर आणला. बायकोला कळा सुरू झाल्याचा निरोप मला नुकताच आला होता. मी फळी न लावताच टायर चढवला.

"जोडी बघितलीस न्हवं, मिस्तरी?"

"बघितली रे बाबा! नंबर एकच आहे. जा आता, मला बाप होऊ दे."

"व्हय की! मग पेढे मी आणतो."

घाट उतरताना तो टायर फुटला. ट्रक डोंगराला टेकला म्हणून माणसं वाचली. गुळाच्या ढेपा रस्ताभर झाल्या. शेठ म्हणाला, टायर कोरा होता, यानेच गाडी दामटली. शेठने त्याच्याकडून ट्रक काढून घेतला.

काही दिवसांनी तो घरी आला, पेढे घेऊनच. माझ्या मुलीचं बोट धरून बराच वेळ बसला. उठताना हळूच म्हणाला, "जोडी बघितली व्हतीस ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग एक्सलेटरवर माझाच पाय जड पडला आसंल."

तो पिंपरीत एका कारखान्यावर पहारेकरी झाला. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. सुट्टीच्या दिवशी यायचा, माझ्या मुलीला खांद्यावर बसवून नदीवर न्यायचा. आज सांगू, असं मला दर वेळी वाटायचं. तो गेला, तोवर सांगितलं नाही.

परवा त्याचा मुलगा बोलता बोलता म्हणाला, "काका, बाबांनी मला कधी गाडी शिकू दिली नाही. म्हणायचे, आपल्या घरात पाय जड आहे."

मग मात्र मी सगळं सांगितलं. न लावलेल्या फळीचं, आणि दोनदा बोललेल्या खोट्याचंही. तो माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. त्याने इतकंच विचारलं, "म्हणजे बाबा सावकाश चालवायचे?"

"फार सावकाश. आम्ही चिडवायचो त्याला, की राव, मागून बैलगाडी भोंगा देतेय."

तो हसला. डोळे पुसले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून घेत म्हणाला, "आणखी सांगा ना, काका."