कॉटवरचा दिवस कोणाचा

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या वर्धापनदिनासाठी दर्शनी भिंतीवर इतिहासाचा फलक लावायचं ठरलं. त्याचा मसुदा हातात आला आणि माझं डोकंच फिरलं. वर संस्थापक डॉक्टर, त्याखाली त्यांचे डॉक्टर चिरंजीव, आणि तळाशी ठळक चौकटीत: ‘रुग्णानुभव दिवस : आमच्या संचालकांची अभिनव संकल्पना’.

रुग्णानुभव म्हणे! आम्ही त्याला कॉटवरचा दिवस म्हणायचो. तो अक्कांनी सुरू केला तेव्हा हे संचालक हाफपँट घालून शाळेत जात असतील.

अक्का म्हणजे आमच्या पहिल्या प्राचार्या. तेव्हा कॉलेज कसलं, दवाखान्याच्या धुलाईघरामागची एक खोली होती. मुली मिळवायला अक्का घरोघर फिरल्या. ‘परक्या पुरुषांची अंगं पुसायला पोरी नेते’ म्हणून लोकांनी त्यांना दारातून परत पाठवलं. त्यांनी इथल्या मुलींना कानडीत शिकवलं, आमच्यासारख्या सीमेवरच्या मुलींना मराठीत समजावलं, मग हळूहळू इंग्रजीवर आणलं. मी निपाणीकडची, विड्या वळणाऱ्या घरातली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते.

पहिल्याच आठवड्यात अक्कांनी मला वॉर्डातल्या कॉटवर झोपवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. मैत्रीण अंग पुसणार, मैत्रीण भरवणार, पाणीसुद्धा मागितल्याशिवाय नाही.

“अक्का, मला जायचंय,” मी दुपारी पुटपुटले.

“कुठं?”

“बाथरूमला.”

“तुझा पाय मोडलाय. बेडपॅन माग. आणि असं उशीत तोंड घालून नाही, मोठ्यानं माग.”

शेजारच्या कॉटवरची म्हातारी फिदीफिदी हसली. मी ढसाढसा रडले, अक्कांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. पण त्या दिवसानंतर एखाद्या पेशंटला ‘थांबा जरा’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही.

आता मी याच कॉलेजात शिकवते, म्हणून फलकाच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं. “सर, हे अक्कांचं आहे.”

संचालक पुण्याहून इथं आलेले, माझ्याशी मराठीतच बोलतात. “मॅडम, तेव्हा काहीतरी इन्फॉर्मल चालायचं, मान्य. पण प्रोटोकॉल मी बनवला. त्यांचं काही डॉक्युमेंट आहे का?”

“मी आहे ना. मी झोपले होते त्या कॉटवर.”

टेबलाभोवती हसू पसरलं. “इमोशनल नका होऊ. त्यांना दीपप्रज्वलनाला बोलावतोय की आपण! शाल घालू, हार घालू.”

बाईनं दिवा लावायचा आणि उजेड पडायचा तो पुरुषांच्या नावांवर! आणि खरं बोललं की आम्ही इमोशनल.

रविवारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला गेले. अक्का तिथं भाचीकडे असतात. सगळं सांगितलं, तर त्या शेंगा सोलत शांतपणे म्हणाल्या, “नावाचं सोड ग. दिवस नीट करतात का ते सांग.”

“दिवस नाही अक्का, तास. एक तास झोपवतात. अंग पुसणं सरावाच्या बाहुलीवर. आणि बेडपॅन काढून टाकलाय, मुलींना अवघड वाटतं म्हणून.”

शेंगांचं ताट त्यांनी बाजूला ढकललं. “अवघड वाटावं म्हणूनच तर होतं ते! तासभर काय करतात मग, डुलकी काढतात? असल्याला माझं नाव अजिबात लावू नकोस.” मग ताट परत पुढं ओढून त्याच म्हणाल्या, “नाही, थांब. लाव. माझं होतं आणि यांनी त्याची वाट लावली, असं दोन्ही सांग.”

वर्धापनदिनाला सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हातातल्या कागदावर ‘संचालकांच्या संकल्पनेतून’ असं वाक्य होतं. ते मी वाचलं नाही. कानडीत सांगितलं, “कॉटवरचा दिवस अक्कांनी सुरू केला. पूर्ण दिवस, बेडपॅनसकट. आज त्याचा तासच उरलाय.”

मागच्या रांगांत जुन्या नर्सेस बसल्या होत्या. तिथून एकजण ओरडली, “अक्का, मी तर अजून स्वप्नात बेडपॅन मागते!” हॉल नुसता हशानं फुटला. डोक्यावर म्हैसुरी फेटा घातलेले संचालकही हसले, कारण त्यांना कानडी कळत नाही.

मग अक्कांनी माईक मागून घेतला आणि त्यांच्याकडे वळून कानडीत एक प्रश्न विचारला. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. माईकवरच मराठीत सांगावं लागलं, “सर, अक्का विचारतायत, तुम्ही स्वतः कधी झोपलात का?”

“मी डिझाइन केलंय,” ते म्हणाले.

मी ते कानडीत सांगितलं. अक्का अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत म्हणाल्या, “सरी, ठीक. स्वल्प झोपूनही बघा.” याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही. त्यांचं हसू मावळलं.

मला वाटलं, आता तरी फलक बदलेल. बदलला. संचालकांची चौकट तशीच राहिली, खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढली: ‘माजी नर्सिंग स्टाफच्या सहकार्याने’. सहकार्य! जिनं कॉलेज उभं केलं ती सहकारी, आणि तासाभराची नक्कल करणारा निर्माता. नर्सनं केलेलं काम नेहमी कुणाच्या तरी हाताखालचंच ठरवायचं, ही यांची जुनी खोड आहे. डॉक्टर बाई असती तर निदान तिचा फोटो तरी लागला असता.

मी थेट केबिनमध्ये गेले. “सर, चौकटीत अक्कांचं नाव घाला. सहकार्य तुमच्या नावापुढे लिहा. आणि यंदाच्या मुली माझ्याकडे द्या, दिवस पूर्ण करून घेईन.”

“मॅडम,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “तुमचं प्रमोशनचं वर्ष आहे.”

“माहीत आहे.”

ते लॅपटॉपकडे वळले, म्हणजे मी आता निघावं. मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “फलकवाल्याला फोन तुम्ही करताय, की मी करू?”