परवान्यावरचं नाव

सेल्वीचा निरोप आला तेव्हा मी चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मीटिंगमध्ये बसले होते. फोनवर तमिळ अक्षरांतली दीड ओळ. सेल्वी मला कधी लिहीत नसे, बोलून पाठवायची. काहीतरी निराळं आहे एवढं कळलं आणि मी टेबलाखाली फोन धरून एकेक अक्षर लावत गेले. ‘अक्का’ लागलं. ‘सकाळी’ लागलं. शेवटच्या शब्दाला मात्र वेळ लागला... की मीच तो लावला, कोण जाणे. कोणाच्याही मदतीशिवाय मी वाचलेला तो पहिला तमिळ निरोप, आणि तो जिने मला वाचायला शिकवलं तिच्याच मृत्यूचा. त्या क्षणी मला तिचा रागच आला. शिकवलं नसतं, तर माझ्यापुरती ती आणखी तासभर जिवंत राहिली असती.

सुगुणा अक्का अड्यारमध्ये ब्यूटी पार्लर चालवायची. दोनच खुर्च्या, आणि हाताखाली वीस वर्षांपासून सेल्वी. अक्का तंजावरकडच्या मराठी घरातली. मी कराडहून नोकरीसाठी इथे आले आणि तिच्या दुकानाच्या वरचीच खोली मला मिळाली. पहिल्यांदा भुवया करायला गेले ती फोनवर आईशी बोलतच. फोन ठेवला तशी ती म्हणाली, “मराठी की गे तू? कोठली?” या परक्या गावात मराठी ऐकून मी इतकी हरखले की आता चहासुद्धा मिळणार असं वाटलं. खुर्चीत बसायला गेले, तर तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “थांब. आधी ते वाच.” आरशाशेजारी फ्रेममध्ये महापालिकेचा परवाना लावलेला होता. मला तमिळ वाचता येत नाही म्हटल्यावर तिनेच तो मोठ्याने वाचला. नाव, धंदा, पत्ता, मुदत. मग खुर्चीवरचा हात काढला. मला वाटलं, बाईचं डोकं जरा फिरलेलं आहे. दोन खुर्च्यांचं दुकान आणि तोरा पासपोर्ट ऑफिसचा!

पुढे ऑफिसजवळ एक चकाचक सलून निघालं. केस सरळ करून घ्यायचं माझं खूळ होतं आणि अक्का त्या औषधांना हात लावायला तयार नव्हती. मी तिकडे गेले. आणि बघा, अक्काचा गुण लागला होता; बसण्याआधी भिंतीवर नजर टाकली. फ्रेम होती, शिक्का होता, सगळं तमिळमध्ये. मोठ्या शहाणपणाने मी त्याचा फोटोही काढून घेतला. दोन दिवसांत टाळूवर फोड आले. जाब विचारायला गेले तर शटर खाली, पाटी गायब. रडकुंडीला येऊन अक्काकडे गेले आणि आधीच सांगून टाकलं, “अक्का, मी परवाना बघितला होता हं.” तिने फोटो मोठा करून पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

“काय गे, चहा दिला की नाही तेणी?”

“चहा?”

“तेनीर कडै लिहिलंय. चहाचं दुकान. लायसन चहाचं, आणि तू डोकं दिलंस.”

आधी तिथे चहाचं दुकान असणार. या मंडळींनी त्याची फ्रेम तेवढी ठेवून घेतली होती. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलींना काय कळतंय! सेल्वी तोंडाला पदर लावून हसत होती, अक्काही हसली. पण टाळूला कोरफड लावता लावता तिचा हात मध्येच थांबला आणि तिने धाकट्या बहिणीची गोष्ट सांगितली. बहिणीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. कोणीतरी सुचवलं म्हणून एका भाड्याच्या खोलीत चेहऱ्याला ब्लीच करून घेतलं. चेहरा भाजला. लग्न मोडलं. वडील त्या खोलीवर गेले तर कुलूप. घरमालकालाही त्या बाईचं नाव धड ठाऊक नव्हतं. “तोंड बरं झालं गे, दोन वर्षांनी. पण अप्पा मरेपर्यंत विचारत होते, कोणाला धरू? नावच नव्हतं...” मग माझं डोकं दोन्ही हातांनी सरळ करत ती म्हणाली, “लायसन म्हणजे मी चांगलं काम करते म्हणून नाही. वाईट झालं तर मी कोठे सापडेन, ते लिहिलेलं.”

दुसऱ्या दिवसापासून तिने मला तमिळ वाचायला शिकवलं. पुस्तक एकच, भिंतीवरचा परवाना. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की मी समोर उभी, ती खुर्चीत. महिन्याभरात मी तो घडाघडा म्हणू लागले, तर तिला ते मुळीच आवडलं नाही. “म्हणू नको गे, वाच.” मग ती उठायची आणि मधल्याच एखाद्या शब्दाखाली बोट ठेवायची. तिथे माझी बोबडी वळायची. चार वर्षांचं इंजिनिअरिंग केलेली मी, एका बोटापुढे घामाघूम व्हायचे.

बाबा कराडहून आले तेव्हा त्यांना दाढीसाठी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये घेऊन गेले. अक्का निमूट मागोमाग आली. तोंडाला फेस लावलेले तीन पुरुष आरशातून बघताहेत आणि ही बाई कमरेवर हात ठेवून भिंतीवरचा परवाना वाचते आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुदत संपायला पंधरा दिवस आहेत, असं न्हाव्याला बजावून ती निघून गेली. बाबा मात्र पुढे कराडहून फोन केला की आधी तिचीच खुशाली विचारायचे.

ती झोपेतच गेली, पहाटे. दुखणं नाही, खुपणं नाही. मुलंबाळं नव्हती, बहीण आधीच गेली होती. दहावं-तेरावं झालं आणि सेल्वीपुढे प्रश्न उभा राहिला. तिच्या घरची चूल या दुकानावर पेटते. गिऱ्हाईकं दारात यायची, ती दुकान झाडायची, दिवा लावायची आणि त्यांना परत पाठवायची. परवाना अक्काच्या नावाचा होता. तीन आठवडे झाले तेव्हा न राहवून मीच म्हणाले, “मार्चपर्यंत मुदत आहे ना? तोवर चालव. कोण बघतंय?” हे मी म्हणाले... टाळूवर फोड घेऊन रडत आलेली मी. सेल्वी रागावली नाही. फ्रेमकडे बघत तमिळमध्ये म्हणाली, “आणि कोणाला काही झालं तर? या पत्त्यावर कोण सापडेल? अक्का?”

मला फार लाज वाटली. त्याच संध्याकाळी आम्ही नवा अर्ज भरला. कागद जमवले, जागेच्या मालकाची सही आणली, दोनदा परत आलेला अर्ज तिसऱ्यांदा पाठवला. तोवर दुकान बंद. सेल्वीने घरी इडलीचं पीठ दळून विकलं, पण कात्रीला हात लावला नाही.

गेल्या शनिवारी तिने बोलावलं. दुकान उघडं होतं. त्याच खिळ्यावर तीच फ्रेम आणि आत नवा कोरा परवाना. जुना तिने काढून टाकला नव्हता, नव्याच्या मागे सरकवला होता. मी खुर्चीकडे गेले तर तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“पडिंग.” म्हणजे, वाचा.

मला हसू आलं. ऐटीत उभी राहिले आणि सुरुवात केली. मालकाचं नाव, सुगुणाबाई...

सेल्वीने मानेनेच नाही म्हटलं. मला आधी कळलंच नाही काय चुकलं. मग तिने दुसऱ्या हाताचं बोट उचललं आणि त्या ओळीखाली ठेवलं, अक्का ठेवायची अगदी तसं. तिथे सुगुणाबाई नव्हती. कुठेच नव्हती. इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं, दुकानात, आरशासमोर. सेल्वीने बोट हलवलं नाही. मी डोळे पुसले आणि एकेक अक्षर लावत वाचलं... सेल्वी.

मग तिने खुर्चीवरचा हात काढला.