शेंगाच्या मानाचा तुकडा

“अक्का, थांबा!” मी ओरडले. पण तोवर अक्कांनी भाकरीचा तुकडा दोड्डावरून तीनदा ओवाळून बाजूला टाकला होता.

पुढचं सगळं चार सेकंदांत झालं. दोड्डानं मान वाकवून तुकड्याला नाक लावलं. घरातून शेंगा सुटली ती थेट त्याच्या नाकावर. दोड्डा असा केकाटला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. मी लीश मागे ओढली. अक्कांच्या मुलानं, प्रशांतनं, शेंगाला उचललं. तिनं तोवर तुकडा गिळलाही होता.

आता वजनं सांगते. दोड्डा ग्रेट डेन, अठ्ठावन्न किलो. शेंगा गावठी, बारा किलो. मार खाल्ला दोड्डानं. नाकातून रक्त आलं आणि तो फाटकापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

मी कुत्र्यांची ट्रेनर. मूळची निपाणीची, अठरा वर्षं बेंगळुरात हेच करते. आजवर मला बारा कुत्रे चावलेत आणि एक मालक. बसवनगुडीतल्या सुमन अक्का चिकोडीकडच्या, लग्न होऊन इथं आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. शेंगा त्यांना नऊ वर्षांपूर्वी इथल्याच भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेत सापडली, म्हणून शेंगा. दोड्डा म्हणजे कन्नडमध्ये मोठा. हे नाव बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या लोकांनी ठेवलं. अक्का तिथं जुन्या गोधड्या द्यायला गेल्या, दोड्डानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि बाई उठेचनात. “हा माझ्या घरी येणार,” एवढंच म्हणाल्या.

पाच वर्षांच्या या कुत्र्याला त्याआधी दोन घरांनी दत्तक घेऊन परत केलं होतं. एकानं तर ‘फार मोठा आहे’ म्हणून. घेताना दिसला नव्हता काय रे बाबा! दर वेळी परत आल्यावर दोड्डानं आठवडाभर अन्न सोडलं होतं. त्यामुळे शेल्टरच्या डॉक्टर मॅडमनी या वेळी माझ्या भरवशावर त्याला बाहेर सोडलं, तेही अट घालून. रविवारी त्या स्वतः येणार. दोन्ही कुत्री एका घरात नांदताना दिसली तर कागदावर सही. नाहीतर दोड्डा परत, आणि पुन्हा कुठल्याच घरात नाही.

हा प्रकार झाला बुधवारी सकाळी.

खरं तर तासाभरापूर्वी मी स्वतःवर फार खूश होते. दोन कुत्र्यांची पहिली भेट घरात करायची नसते, न्यूट्रल जागी करायची. म्हणजे जिथं कुणाचाच हक्क नाही अशी जागा. आम्ही पार्कच्या कडेच्या रस्त्यावर ‘पॅरलल वॉक’ केला. एक कुत्रा रस्त्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला, दोघं एकाच दिशेनं चालतात, अंतर हळूहळू कमी करत आणायचं. शेवटी दोघं शेजारी शेजारी चालत होती. मी प्रशांतला म्हटलं, “बघितलंस? असं असतं.” नको तिथं तोंड उघडायची सवय माझी जुनीच.

घरातली तयारीही चोख होती. शेंगाची वाटी, बॉल, चघळायचं हाड, सगळं मी आदल्या दिवशी उचलायला लावलं होतं. खाण्यावरूनच पहिली मारामारी होते. अक्का प्रत्येक सूचनेला कन्नडमध्ये “सरी, सरी”, म्हणजे बरं, बरं, म्हणाल्या होत्या.

दोड्डाच्या नाकाला औषध लावता लावता मी विचारलं, “अक्का, खाण्याचं काही समोर आणायचं नाही म्हटलं होतं ना मी?”

“मग मी कुठं दिलं खायला?”

“भाकरी?”

“ती काय खायची असती होय? ती टाकायची असती! नवीन जीव उंबऱ्यात आलाय, तुकडा ओवाळायला नको? तू निपाणीची असून मला विचारतीस!”

चूक माझीच. निपाणीत माझी आई हेच करते. माझ्या यादीत हाडं होती, बिस्किटं होती, भाकरतुकडा नव्हता.

मॅडमना फोन केला. लपवलं काहीच नाही.

“आत्ताच घेऊन जाऊ का?” त्या म्हणाल्या.

“रविवारपर्यंत थांबा.”

“मंगल, नाक फुटलंय त्याचं.”

“नाकच फुटलंय, मॅडम. रविवार.”

अक्का शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. फोन ठेवला तर त्यांचे डोळे भरलेले. “परत पाठवायला मी काय पार्सल मागवलंय का? तो माझ्या भरवशावर आलाय गं.”

मी नियमाप्रमाणे कामाला लागले. दोड्डाचं अंथरूण बाहेरच्या पडवीत. मध्ये जाळीचं दार. त्याची गोधडी शेंगाला, शेंगाची त्याला, म्हणजे एकमेकांचा वास अंगवळणी पडतो. सकाळ-संध्याकाळ पॅरलल वॉक. भाकरी घरात पूर्ण बंद. प्रशांत महादेवपुऱ्यातल्या कंपनीचं काम घरूनच करायचा, तो कॉलवर सारखा म्हणायचा, “सॉरी, यू आर ऑडिबल, दॅट वॉज द डॉग.”

शुक्रवार आला. रस्त्यावर दोघं सख्ख्या भावंडांसारखी चालायची. फाटकातून आत आलं की संपलं. शेंगा उंबऱ्यावर बसून गुरगुरायची आणि दोड्डा तिथूनच मागे वळायचा. उंबऱ्याच्या अलीकडेच का, हे काही केल्या मला कळेना. तिथं आता वाटी नाही, हाड नाही, काहीच नाही.

“कशावर पहारा देते ही?” मी वैतागून म्हटलं.

अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तिचा तुकडा कुठाय?”

“कसला तुकडा?”

“अगं, नऊ वर्षं झाली. प्रशांत टूरवरून आला की ओवाळते. गावाकडून कोण आलं की ओवाळते. नवा फ्रीज आला तवा फ्रीजवरून पण ओवाळला. टाकलेला तुकडा कोण खातं? हीच की. दारात कोण आलं की तिचा मान असतोय. तू आलीस आणि तिचा मान बंद केलास. वर तो दांडगा तिच्याच तुकड्याला तोंड लावायला गेला.”

मी खालीच बसले. अठरा वर्षं झक मारली म्हणायची! आमच्या धंद्यात याला रिसोर्स गार्डिंग म्हणतात, म्हणजे ‘हे माझं’ म्हणून एखाद्या गोष्टीवर पहारा देणं. मी वस्तू शोधत होते. शेंगा त्या जागेवर पहारा देत होती, कारण तिथं तिचा मान पडायचा. आणि दोड्डा आल्यापासून तो पडायचा थांबला होता. मी तिला रोज नीट शिकवत होते की हा आला की तुझी भाकरी जाते.

“अक्का, भाकरी थापा,” मी म्हटलं. “भरपूर थापा.”

शुक्रवार दुपारपासून दोड्डाला दर वेळी मी फाटकाबाहेर न्यायची आणि परत आणायची. अक्का तुकडा ओवाळायच्या. तो शेंगाकडे टाकायच्या, आणि दोड्डाला त्याच क्षणी पाच हात मागे मी वेगळा घास द्यायची. म्हणजे हा आला की तुझी भाकरी येते. दिवसाला तीस-तीस वेळा. समोरच्या काकू शेवटी विचारायला आल्या, “अक्का, कुत्र्याला दृष्ट लागली काय?” शनिवारी संध्याकाळी अक्कांचा खांदा दुखायला लागला आणि शेंगा दोड्डाला फाटकात बघून शेपूट हलवायला लागली. उंबरा मात्र त्यानं अजून ओलांडला नव्हता.

रविवारी मॅडम आल्या तेव्हा आम्ही वॉकवरून परतत होतो. मॅडम उंबऱ्यापाशी, मी आणि दोड्डा त्यांच्या मागे, शेंगा प्रशांतबरोबर आधीच दारात. आणि अक्का ताट घेऊन बाहेर.

“अक्का, आज नको—”

“पहिल्यांदा आल्यात घरी!” म्हणत त्यांनी मॅडमवरून तुकडा ओवाळला आणि टाकला. दुखऱ्या खांद्यानं नेम चुकला. तुकडा पडला बरोबर दोड्डाच्या पुढच्या पायांशी.

लीश ओढायची फार इच्छा झाली, पण ओढलेल्या लीशनं कुत्रा बिथरतो. ढिली सोडली.

दोड्डानं तुकड्याकडे बघितलं. मग एक पाऊल मागे घेऊन तो बसला आणि शेंगाकडे बघत राहिला. शेंगा सावकाश आली, तुकडा खाल्ला, त्याच्या नाकावरची खपली हुंगली आणि आत गेली. तिच्या मागोमाग दोड्डा उठला आणि उंबरा ओलांडून आत गेला. कुणी ओढलं नाही, बोलावलं नाही.

“हे कुणी शिकवलं त्याला?” मॅडमनी विचारलं.

‘मी’ अगदी जिभेवर होतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

“अक्कांनी,” मी म्हटलं.

मॅडमनी दोड्डाच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. टेबलाच्याच उंचीचा तो, हलला नाही. अक्का रडल्या आणि मग सगळ्यांना जेवायला बसवलं.

नव्या घरात जाण्याआधी मी जो फॉर्म भरून घेते, त्यात आता एक प्रश्न जास्त आहे: दारात कुणी आलं की तुमच्याकडे काय काय करतात? एका घरानं लिहिलं, नारळ फोडतो. तिथं मी हेल्मेट घालून गेले. उत्तर काहीही असो, त्यापुढचा प्रश्न मी तोंडीच विचारते: “आणि त्यातलं तुमच्या कुत्र्याला काय मिळतं?”